सोमवारची ढिली घंटी

वसंता,

तुझी सायकल माझ्या दुकानात उभी आहे. म्हणजे नेहमीसारखीच. फरक एवढाच, की या खेपेला ती न्यायला तू येणार नाहीस आणि "काय दामूशेट, झालं का पोरीचं न्हाणं?" असं दारातूनच विचारणार नाहीस. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनवहिनी स्वतः ती ढकलत घेऊन आल्या. म्हणाल्या, "भावजी, ही पडवीत दिसली की मला वाटतं, हे आत्ता निघतायत. तुमच्याकडेच असू दे." नाही म्हणायची मला किती सवय आहे ते तुला माहीत आहे. पण त्यांना नाही म्हणता आलं नाही.

शोकसभेत तुझ्याबद्दल लोक फार चांगलं बोलले. टेलिफोन एक्स्चेंजमधले तुझे साहेब म्हणाले, वसंतराव अजातशत्रू होते. मला तिथं बसल्या जागी हसू फुटलं. शेजारचा माणूस माझ्याकडे बघायला लागला, त्याला वाटलं मला हुंदका आला. अरे, तुझा शत्रू तिसऱ्या रांगेत बसला होता की. वीस वर्षं दर सोमवारी तुझ्याशी भांडणारा. त्याला कुणी बोलायला उभं केलं नाही, ते बरंच झालं.

म्हणून आता बोलतो. शनिवारी-रविवारी मी कुठं जाऊन आलो, ते तुला सांगितल्याशिवाय मला दुकान नीट उघडता यायचं नाही.

शनिवारी एक वाजता तुझी ड्युटी सुटायची. पंधरवड्यातून एकदा दीडच्या सुमाराला तू माझ्या दारात. हँडलला कापडी पिशवी, पिशवीत दोन भाकऱ्या, सुकटीची चटणी, पंचा आणि टॉर्च. मी हवा बघायचो, चेनीवर दोन थेंब तेल सोडायचो आणि विचारायचो, "कुठं?" तू म्हणायचास, "वर." वर म्हणजे जयगडच्या अलीकडे तुझ्या आजोळच्या डोंगरावर, वाघजाईकडे. रत्नागिरीहून आरे-वारेच्या अंगानं पन्नास किलोमीटर जायचं, मधली खाडी सायकल होडीत आडवी टाकून ओलांडायची, रात्री पायथ्याला गुरवाच्या पडवीत पडायचं, रविवारी उजाडताना डोंगर चढायचा आणि दिवेलागणीला घरी. एकटा. कायम एकटा.

एकदा तर अंगात आलं म्हणून वर दाभोळपर्यंत गेलास आणि येताना महामार्गानं आलास. सावर्ड्यात तुझा फ्रीव्हील गेला. तिथल्या मिस्त्रीनं चाक खोललं, घाम पुसला आणि म्हणाला, "ही सायकल बांधणारा माणूस चिडका असणार. एकेक नट असा आवळलाय की पान्हा रडतोय." हे तू मला सांगताना इतका हसलास की बशीतला चहा माझ्या वहीवर सांडला. मी मात्र ते माझं कौतुकच समजलो. अजूनही समजतो. नट ढिला राहिला तर मला रात्री झोप येत नाही, त्याला माझा इलाज नाही.

आठवडाभर तू कानाला हेडफोन लावून ट्रंककॉल जोडायचास. याला मुंबई, त्याला पुणे, कुणाला थेट दुबई. मग मी तुला छळायचो. "देवीलाही कॉल बुक करतोस की काय? ऑर्डिनरी लावतोस का अर्जंट? लायटनिंग लाव मेल्या, लगेच लागेल." तू पायडल मारत म्हणायचास, "ऑर्डिनरीच बरा. वाट बघायची सवय राहते."

माझं आणि देवाचं बोलणं बंद होऊन बारा वर्षं झाली, त्याचं कारण तुला नव्यानं सांगायला नको. पण लिहायला बसलोय तर लिहितो. माझी सुधा आजारी होती तेव्हा मी आमच्या गावच्या देवळात कौल लावला. गुरवानं देवाला कळ्या चिकटवल्या, मी हात जोडून उभा. उजवीकडची कळी पडली. उजवा कौल म्हणजे होय. बाई बरी होणार. मी वाडीभर पेढे वाटले, वसंता. हिला भरवायला गेलो तर तिनं नुसता जिभेला लावला आणि हसली. आठव्या दिवशी ती गेली. त्यानंतर मी देवळाची पायरी चढलो नाही. शिमग्यात पालखी दारात येते तेव्हा मी मागच्या खोलीत ट्यूबांना ठिगळं लावत बसतो आणि बाहेर ढोल वाजत असतात.

सगळ्यांनी मला समजावलं. देवाच्या मनात असेल तसं. त्याची इच्छा. त्याचं चुकत नसतं, आपलंच काहीतरी राहिलं असेल. हे ऐकलं की माझं डोकं सणकतं. तू तसं एकदाही म्हणाला नाहीस. एकदा पावसाळ्यात, गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा, मी तुला सरळच विचारलं, "तुझा देव आहे कशावरून?" तू पन्हाळीतून पडणाऱ्या पाण्याखाली हात धरलास. मग म्हणालास, "आहे की नाही ते मला नाही रे माहीत. रिंग जातेय एवढं ऐकू येतं. रिंग जातेय म्हणजे लाईन तुटलेली नाही."

"आणि पलीकडून कोणी उचलत नाही त्याचं काय?"

"मी ऑपरेटर आहे, दामू. मी लाईन धरून बसतो. उचलणं माझ्या हातात कुठं आहे?"

मी चिडलो आणि तुझ्या घंटीवर घसरलो.

कारण ती घंटी. तुझ्या सायकलवर मी स्वतः बसवलेली, चांगली पितळी वाटीची. सायकल शनिवारी माझ्या हातून गेली की घंटी घट्ट असायची आणि सोमवारी बघावं तर ढिली. कधी वाकडी, कधी उलट्या तोंडाची. क्लिपवर पान्ह्याचे ओरखडे. गेल्या वर्षीपासूनचा हा प्रकार. मी विचारायचो, "हिला कोणी हात लावतं का?" तू म्हणायचास, "रस्ता खराब आहे." अरे, रस्त्यानं मडगार्ड हालेल, कॅरिअर खुळखुळेल. एकट्या घंटीवरच रस्त्याचा राग का म्हणून? प्रत्येक खेपेनंतर मी ती आवळायचो आणि तुला चार शब्द सुनवायचो. तू ऐकून घ्यायचास. गालातल्या गालात हसायचास, ते मला आता आठवतंय.

गणपतीनंतर माझा संयम संपला. बोल्ट घातला, नट आवळला आणि बोल्टाचं पुढं आलेलं टोक ऐरणीवर धरून हातोडीनं चपटं करून टाकलं. आता ब्रह्मदेव आला तरी नट निघणार नाही. तू शनिवारी आलास, नट बोटानं फिरवून बघितलास, मग माझ्याकडे बघितलंस. मी छाती काढून उभा. तू म्हणालास, "आता कायमची बसवलीस म्हणजे." मी म्हणालो, "हां. कायमची." तू मान हलवलीस आणि निघालास. एक शब्द बोलला असतास तर काय बिघडलं असतं?

त्यानंतर सोमवारी घंटी जागच्या जागी असायची. मी खूश. फक्त दांडीला खालच्या बाजूनं एक गोणपाटाची जाड गुंडाळी आली होती, सुतळीनं बांधलेली. मला असलं लटांबर सायकलवर खपत नाही. सोडायला गेलो तर तू हात धरलास. "असू दे रे, माझ्या कामाची आहे." कसल्या कामाची ते विचारायचं मला सुचलं नाही.

एकटा जाऊ नकोस म्हणून मी किती वेळा सांगितलं असेल. वय झालं, रस्त्यात काही झालं तर कोण आहे? तुझं उत्तर ठरलेलं, "तू चल मग." मी म्हणायचो, आलोच तर पायथ्याशी बसेन, वर येणार नाही. तू म्हणायचास, "पायथ्याशी बसणारा मला काय करायचाय? मला होय म्हणणारा हवाय." आपल्याकडची रीतच आहे ती. गाऱ्हाणं एकानं घालायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आपलं गाऱ्हाणं घालून आपणच होय म्हटलं तर ते धरत नाहीत. मी ते हसण्यावारी न्यायचो.

शेवटचं विचारलंस ते कावीळ झाली तेव्हा. डोळे पिवळेजर्द, उशाला उसाच्या रसाचा तांब्या. माझा हात धरलास आणि म्हणालास, "बरा झालो की एकदा ये रे. नुसतं होय म्हणायचं. विश्वास ठेव असं कोण सांगतंय?"

मी म्हणालो, "आधी तो रस संपव."

हे माझं तुझ्याशी शेवटचं धड बोलणं. पंधरा दिवसांत तू आटपलास. तेव्हापासून हे वाक्य माझ्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलंय. होय म्हणायला काय जात होतं माझं? पण खरं सांगू, तेव्हा तू बरा झाला असतास आणि पुन्हा विचारलं असतंस, तरीही मी नाहीच म्हणालो असतो. तुझ्याशी खोटं बोलणार नाही, निदान आता तरी.

तर शनिवारी दीड वाजता मी दुकानाला कुलूप लावलं, तुझी सायकल बाहेर काढली आणि निघालो. वहिनींनी डबा दिला. कुठं जातोय ते सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी सुकटीचीच चटणी दिली.

आता हस. सायकलच्या दुकानात जन्म गेला आणि बाजारपेठेच्या पलीकडे सायकल मारून मला दहा वर्षं झाली होती. पहिल्या चढाला माझी जीभ बाहेर. दुसऱ्या चढाला मी उतरून ढकलायला लागलो, तर डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या दोन बायका मला मागं टाकून गेल्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "सायकल ह्यांना घेऊन चाललीय का हे सायकलला?" मी ऐकलं नाही असं दाखवलं. ऊन फाल्गुनातलं. काजूची बोंडं पिकून पडलेली, त्यांचा तो आंबूस वास सगळ्या रस्त्याला. दोन बोंडं तोडून खाल्ली, रस कोपरापर्यंत ओघळला आणि शर्टाला डाग पडले. ते जायचे नाहीत, शर्ट आता कामाचा झाला.

आणि मग आरे-वारेच्या वरचा तो उतार. वसंता, तू मला हे आधी का सांगितलं नाहीस? नाही, सांगितलंस. दर खेपेला सांगितलंस, मीच ऐकलं नाही. खाली दोन्ही किनारे, मधे ती डोंगराची सोंड, आणि पाणी असं चमकत होतं की डोळे बारीक करावे लागत होते. मी पायडल सोडलं. ब्रेकवरची बोटं आपोआप सैल झाली. पन्नाशी उलटलेला माणूस, धोतराचा काचा सुटत आलेला, आणि मी तोंडानं काहीतरी ओरडत होतो. काय ओरडत होतो ते सांगणार नाही. सुधा गेल्यापासून मला एवढा आनंद झालेला आठवत नाही. खाली पोचल्यावर मी सायकल वाळूत आडवी टाकली आणि तुला शिव्या दिल्या. वीस वर्षं हे एकट्यानं खाल्लंस म्हणून.

होडीवाल्यानं सायकल ओळखली. माझ्याकडे बघितलं, सायकलकडे बघितलं आणि होडी काठाला ओढली. होडीत पाय ठेवताना म्हणाला, "भाऊ समोर बसायचे, ह्या अंगाला. वारा लागतो." मी त्या अंगाला बसलो. वारा खरंच लागतो.

पायथ्याला गणू गुरवाच्या घरी पोचलो तेव्हा दिवस बुडाला होता. त्याला तुझं कळलेलं होतं. त्याच्या बायकोनं कुळथाचं पिठलं आणि भात वाढला, कढत पाणी पायावर घालायला दिलं, आणि मी पडवीत पडलो तो मेल्यासारखा झोपलो.

सकाळी उजाडताना मी सायकल त्याच्या पडवीच्या खांबाला टेकून ठेवली आणि पाऊलवाटेला लागलो. गणू मागून म्हणाला, "सायकल हितंच ठेवताव? भाऊ तर वर न्ह्यायचे."

मला वाटलं मस्करी करतोय. "वर? डोंगरावर सायकल?"

"खांद्यावर घेऊन. गनपतीपास्नं दर खेपेला."

"कशाला पण?"

गणूनं मान खाजवली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग माझ्यासमोर पायरीवर बसला. "त्यात माजाबी दोष हाय. खोटं कशाला बोलू? गाऱ्हानं भाऊच घालायचे, मी व्हय म्हाराजा म्हनायचो. लई वर्सं असंच चाललं. मग गेल्या वर्साला वाडीत टीवी आला. आयतवारी सकाळी टीवीत देव दिसाय लागला. समदी वाडी न्हाऊनधुऊन, हात जोडून टीवीसमोर. मीबी खालीच थांबाय लागलो. हितं देवीला एकटी सोडून मी तिकडं देव बघाय जायाचो. भाऊ रागावले न्हायत. म्हनले, गणू, जा तू. मी घंटी आनलीय."

"कुठली घंटी?" मी विचारलं. 

"सायकलची. सोडवून खिशात घालून न्ह्यायचे. वर देवळात घंटा न्हाय, चोरीला गेली ती गेली. भाऊ एकेक बोलायचे आन् व्हय म्हाराजाच्या जागी घंटी वाजवायचे. मग गनपतीनंतर ती घंटी म्हनं निघंना झाली. आमची लाईट गेली एक दिस, टीवी बंद. म्हनलं वर जाऊन दिवा तरी लावू. वर जाऊन बघतो तर देवीसमोर सायकल उभी. भाऊ घामानं निथळतायत आन् हँडलची घंटी वाजवतायत. ट्रिंग."

मी पायरीवर बसलो. गोणपाटाची गुंडाळी माझ्या डोळ्यांसमोर होती. ती खांद्याला रुतू नये म्हणून होती.

"अरे पण दुसरी घंटी घ्यायची होती त्यानं," मी जवळजवळ ओरडलोच. "माझ्या दुकानात माळ टांगलीय घंट्यांची. एक उचलून खिशात टाकायची होती."

"मीबी तेच म्हनलो," गणू म्हणाला. "म्हनले, दुसरी नको. ही दामूनं बसवलीय. दामू व्हय म्हनत न्हाय, त्याची घंटी म्हनते."

मी काय करावं, सांग. हसावं की रडावं? दोन्ही केलं. गणू बिचारा घाबरून पाणी आणायला गेला. बावन्न वर्षांचा टेलिफोन ऑपरेटर, वीस-बावीस किलोचं धूड खांद्यावर घेऊन डोंगर चढतोय, का, तर एका चिडक्या मिस्त्रीनं बोल्ट ठोकलाय, आणि त्या मिस्त्रीला वाईट वाटायला नको.

माझ्या पिशवीत छिन्नी होती, हातोडी होती. दोन मिनिटांचं काम. बोल्ट तोडायचा आणि घंटी घेऊन हात हलवत वर जायचं. मी छिन्नी बाहेरही काढली. मग परत ठेवली. ज्यानं ठोकली त्यानं वाहावी.

सायकल खांद्यावर घेतली तेव्हा तुझी गुंडाळी बरोबर माझ्या खांद्यावर बसली. आपली उंची सारखी, हे कधी ध्यानात आलं नव्हतं. चढाचं वर्णन करत नाही. जांभ्याच्या पायऱ्या अर्ध्या वाटेपर्यंतच आहेत, पुढं नुसता कातळ, हे तुला माहीत आहे. सात वेळा थांबलो. पायडल नडगीवर आपटलं, त्याचा व्रण आहे अजून. गणू मागून सारखा म्हणत होता, "द्या हिकडं, द्या हिकडं." मी दिली नाही. त्याला म्हटलं, तुझा टीव्ही चुकेल. तो म्हणाला, "चुकू दे आज."

वरचं ते घुमटीएवढं देऊळ, मागं राई आणि समोर समुद्र. वारा भरपूर. सायकल देवीसमोर स्टँडवर उभी केली आणि मी पाठ करून समुद्राकडे बघत बसलो. दमही घ्यायचा होता आणि तोंडही दाखवायचं नव्हतं. गणूनं दिवा लावला. मग हळूच म्हणाला, "भाऊंचं गाऱ्हानं मला पाठ हाय. घालू?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला ठाऊक नाही. त्यानं हो धरलं.

वसंता, तू वर जाऊन काय मागत असशील याचा मी वीस वर्षं अंदाज करत होतो. मुलाची नोकरी, वहिनींचे गुडघे, असंच काहीतरी. आणि गणू म्हणायला लागला, "आई वाघजाई, ट्रंककॉलच्या खिडकीशी लेकरू काखेत घेऊन बाय उभी व्हती, तिच्या दादल्याचा फोन लागला न्हाय. तिची खुशाली तिकडं पोचव." मग एक म्हातारा, ज्याचा मुंबईचा कॉल तीन वेळा तुटला. मग कोणी नर्स, कोणी शिपाई, कोणाचा गलबतावरचा भाऊ. नाव एकाचंही नाही. पंधरवडाभर जे कॉल लागले नाहीत, ते सगळे तू पन्नास किलोमीटर सायकल मारून इथं आणून जोडत होतास. माझ्या दुकानात रोज चहा प्यायलास आणि यातलं एक अक्षर बोलला नाहीस. एक्स्चेंजमधली गोष्ट बाहेर सांगायची नाही, हा तुझा नेम. देवी बाहेरची नव्हे, असं तू धरलं असशील.

दर वाक्यानंतर गणू थांबायचा. मी गप्प. तो घंटीकडे बघायचा, मग स्वतःच ती वाजवायचा. ट्रिंग.

मग तो घुटमळला. "शेवटचं एक ऱ्हायलंय. ते तुमचंच हाय. बोलू?"

"बोल."

त्यानं डोळे मिटले, आणि आवाज गणूचा होता पण बोलणं तुझं होतं. "आनि आई, तो एक सायकलवाला हाय. त्याचा तुज्याशी अबोला हाय. राग त्याचा खरा हाय, आई. त्यात तुजी चूक हाय. उजवा कौल देऊन तू त्याची बायको न्हेलीस, हे बरं केलं न्हाईस. तवा आधी तू बोल. तो हट्टी हाय, तो न्हाय बोलायचा."

बारा वर्षांत जे मला एकाही माणसानं म्हटलं नाही, ते तू तिला म्हणत होतास. तिच्या तोंडावर. पंधरवड्यातून एकदा. मला सगळे सांगत होते की देवाचं चुकत नाही, आणि माझा एवढा भाविक दोस्त तिकडं डोंगरावर उभा राहून देवीला झापत होता, माझ्या बाजूनं.

गणूचा हात घंटीकडे गेला. मी तो धरला.

उठलो, वळलो, देवीकडे बघितलं. बारा वर्षांनी. डोळे तिचे चांदीचे, तसेच, जसे सगळ्या देवींचे असतात. आणि मी म्हणालो, "व्हय म्हाराजा."

मोठ्यानं म्हणालो. खोटं अजिबात नाही. तिची चूक होती, या गोष्टीला मी कधीही, कुठंही होय म्हणेन. पण ते म्हटल्यावर माझ्या छातीवरची धोंड हलली, हेही तितकंच खरं. ती काही बोलली नाही. वाऱ्यानं दिवा जरा फडफडला, पण तिथं वारा होताच, त्याचं मी काही धरत नाही.

उतरताना गणूनं खरं ते सांगून टाकलं. "पुढल्या खेपेला मी वर नसन हां. टीवीत लढाई सुरू व्हायची हाय." मी म्हणालो, जा बाबा, लढाई चुकवू नकोस.

येताना रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी मी रत्नागिरीपर्यंत घंटी वाजवत आलो. एका वळणावर म्हशीनं मान वर करून बघितलं, बाकी कोणी दखल घेतली नाही. वहिनींकडे डबा द्यायला गेलो तेव्हा माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "भावजी, किती काळे पडलात." आणि मग तू गेल्यापासून पहिल्यांदाच हसल्या. त्यांना सगळं सांगितलं. सायकल खांद्यावर नेण्याचं सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "तरीच शर्टाचे खांदे फाटायचे. मला वाटायचं, धोबी."

आज सोमवार. दुकान उघडल्या उघडल्या तुझी सायकल पुढं घेतली. पहिल्यांदा चेन पुसली, हवा बघितली. मग कानस घेतली आणि बोल्टाचं ते चपटं टोक घासून काढायला बसलो. अर्धा तास लागला. मेल्यानं ठोकलंय पण काय घट्ट. नवा नट घातला आणि बोटांनी फिरवला, नुसता बोटांनी, पान्हा लावलाच नाही. घंटी हँडलवर जरा हालते. खुळखुळते. माझ्या दातांवर शहारा येतो.

राहू दे. पुढल्या खेपेला ती सोडवून खिशात घालायची आहे. गणू टीव्हीला जाणार, वर मी एकटाच असणार, आणि तुझं गाऱ्हाणं घालायचं म्हणजे होय म्हणणारं कोणीतरी हवं.